मेंदूतली अफू, मेंदूतला उतारा

१९७३ साली हान्स कॉस्टरलिट्झ सत्तर वर्षांचे झाले आणि स्कॉटलंडमधल्या ॲबरडीन विद्यापीठातून निवृत्त झाले. ते मूळचे बर्लिनचे ज्यू. नाझी सत्तेवर आल्यावर, १९३४ मध्ये, त्यांनी जर्मनी सोडली. इन्सुलिनच्या शोधाबद्दल नोबेल मिळालेले मॅक्लाउड तेव्हा ॲबरडीनला होते, त्यांच्या प्रयोगशाळेत जागा मिळाली म्हणून ते त्या थंड, करड्या दगडी शहरात आले आणि तिथलेच झाले. उमेदीची वर्षे साखरेच्या चयापचयावर गेली. अफूकडे ते वळले ते बऱ्याच उशिरा. निवृत्तीनंतर माणसे गुलाब लावतात, नाहीतर आत्मचरित्र लिहितात. कॉस्टरलिट्झ यांनी त्याच वर्षी व्यसनकारक औषधांवर संशोधन करणारे एक लहानसे केंद्र काढले आणि जॉन ह्यूज नावाच्या तिशीतल्या संशोधकाला सोबतीला घेतले.

ह्यूज यांच्याकडे जे काम आले ते फारसे हेवा करण्यासारखे नव्हते. भल्या पहाटे सायकलवरून शहरातल्या कत्तलखान्यात जायचे, तिथल्या कामगारांना खूश ठेवण्यासाठी व्हिस्कीची बाटली न्यायची आणि डुकरांचे मेंदू बर्फात घालून आणायचे. ते वाटायचे, ॲसिटोनमध्ये घोळायचे, गाळायचे, आटवायचे. शेवटी खवट लोण्यासारखा वास येणारा पिवळसर, मेणचट गाळ उरे. त्या गाळात काहीतरी आहे, अशी दोघांची खात्री होती. काय आहे, हे मात्र माहीत नव्हते.

‘काहीतरी आहे’ हे ओळखण्याची त्यांची रीत फार साधी होती. गिनीपिगच्या आतड्याचा तुकडा क्षारयुक्त कोमट पाण्यात टांगायचा आणि त्याला विजेचे हलके झटके द्यायचे. प्रत्येक झटक्याला तुकडा आकसतो. पाण्यात मॉर्फीनचा थेंब टाकला की आकसणे मंदावते. अफूने पोट का बांधले जाते, याचे उत्तर या एका दृश्यात आहे. आपल्याकडचे जुने वैद्य अतिसारावर अहिफेन देत, त्यामागेही हेच होते. मग नॅलॉक्सोन टाकायचे. नॅलॉक्सोन म्हणजे अफूचा उतारा. अफूबाजाचा श्वास थांबत आला असता त्याला परत आणणारे औषध. ते टाकले की तुकडा पुन्हा पहिल्यासारखा आकसू लागतो. कॉस्टरलिट्झ यांनी ही पद्धत वर्षानुवर्षे घोटून इतकी भरवशाची केली होती की, नवे औषध माणसाची वेदना किती कमी करील याचा अंदाज ते आतड्याच्या तुकड्यावरून बांधू शकत. ह्यूज यांनी त्याच कामासाठी उंदराची शुक्रवाहिनी वापरली, ती आणखी संवेदनशील निघाली. आता डुकराच्या मेंदूचा गाळ त्या पाण्यात टाकला. हालचाल मंदावली. नॅलॉक्सोन टाकले, हालचाल परत आली.

म्हणजे ज्या डुकराने जन्मात अफू पाहिली नव्हती, त्याच्या मेंदूत अफूसारखे काहीतरी होते.

*

हा शोध कोणत्या प्रश्नातून आला, ते समजायला थोडे मागे जावे लागते. जर्मनीतल्या पाडरबॉर्न गावी एका औषधविक्रेत्याकडे उमेदवारी करणाऱ्या फ्रीडरिश झेर्ट्यूर्नर या विशीतल्या तरुणाने १८०५ च्या सुमारास अफूच्या चिकातले सत्त्व वेगळे केले. ग्रीकांच्या स्वप्नदेवावरून त्याला मॉर्फीन हे नाव मिळाले. त्यानंतर दीडशे वर्षे मॉर्फीन जगभर वापरले गेले, आणि ते वेदना नेमके कसे शमवते, हे कोणालाच सांगता येत नव्हते.

त्या दीडशे वर्षांत अफूशी आपला संबंध दुरून नव्हता. शिंदे-होळकरांच्या मुलखातली माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जात होती, आणि त्या व्यापारात गबर झालेल्यांपैकी एक जमशेटजी जीजीभॉय यांनी मुंबईला मोठे रुग्णालय दिले. गिरणीत कामाला जाणाऱ्या आया तान्ह्या मुलांनी दिवसभर झोपून राहावे म्हणून त्यांना अफूची ‘बाळगोळी’ चाटवीत. फराळाच्या ताटातल्या अनारशावर जी खसखस टोचलेली असते, ती त्याच झाडाची. फक्त बियांत गुंगीचा अंश जवळजवळ नसतो, तो असतो बोंडाच्या चिकात.

विसाव्या शतकाच्या मध्यावर रसायनतज्ज्ञांना एक चमत्कारिक गोष्ट दिसली होती. मॉर्फीनच्या जातीची काही कृत्रिम औषधे दोन रूपांत तयार होतात: एक डावे, एक उजवे, एकमेकांची आरशातली प्रतिबिंबे. अणू तेच, संख्या तीच. त्यातले डावे रूप वेदना शमवते आणि उजवे शमवत नाही. (खोकल्याच्या औषधांत सर्रास असणारे डेक्स्ट्रोमेथॉर्फन हे अशा उजव्या घराण्यातले आहे.) उजव्या हाताचा हातमोजा डाव्या हातात बसत नाही, तसेच हे. पण त्यासाठी मुळात हात हवा. पेशीवर कुठेतरी या औषधाच्याच आकाराचे कुलूप असले पाहिजे, असा तर्क निघाला. ते कुलूप प्रत्यक्ष दाखवण्याची शर्यत १९७३ मध्ये संपली. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात कॅन्डेस पर्ट ही संशोधक विद्यार्थिनी आणि तिचे मार्गदर्शक सॉलोमन स्नायडर यांनी किरणोत्सर्गी नॅलॉक्सोन मेंदूच्या वाटलेल्या पेशींना नेमके चिकटते, हे दाखवले. न्यूयॉर्कचे एरिक सायमन आणि स्वीडनमधल्या उप्सालाचे लार्स टेरेनियस हे दोघेही त्याच वर्षी स्वतंत्रपणे तिथेच पोहोचले.

कुलूप सापडले आणि प्रश्न अधिकच विचित्र झाला. खसखशीच्या बोंडातल्या चिकासाठी निसर्गाने मेंदूत कुलूप कशाला करून ठेवले असेल? कुलूप आहे, त्या अर्थी घरची किल्ली कुठेतरी असणार. खसखशीने केवळ तिची नक्कल केली आहे.

घरच्या किल्लीचा एक पुरावा वेगळ्याच वाटेने आला होता. १९६९ मध्ये डेव्हिड रेनॉल्ड्स यांनी उंदरांच्या मेंदूच्या खोल मध्यभागी, द्रववाहिनीभोवतीच्या करड्या भागात, तार बसवून विजेचा बारीक प्रवाह सोडला आणि त्या अवस्थेत भूल न देता उंदरांच्या पोटाची शस्त्रक्रिया केली. उंदीर जागे होते. वाचताना अंगावर काटा येतो. आज असा प्रयोग करायला परवानगी मिळणे अवघड. पण त्यातून एवढे कळले की, वेदना थांबवणारी यंत्रणा मेंदूत तयारच असते, तिला फक्त चालू करावे लागते. लॉस एंजेलिसला जॉन लीबेस्किंड यांच्या प्रयोगशाळेत दमास्कसहून आलेल्या हुदा अकिल या विद्यार्थिनीने १९७२ मध्ये पुढचा प्रश्न विचारला. विजेने आलेली ही बधिरता नॅलॉक्सोनने उतरते का? ती काही प्रमाणात उतरली. बाहेरून अफू दिलेलीच नसताना अफूचा उतारा लागू पडला. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत देखणा प्रयोग हाच, आणि त्याचा गवगवा सर्वांत कमी झाला.

*

ॲबरडीनच्या गाळातले द्रव्य डिसेंबर १९७५ मध्ये जगापुढे आले. लंडनच्या हॉवर्ड मॉरिस यांनी वस्तुमान मापून त्याची रचना उलगडायला मदत केली. ती दोन द्रव्ये निघाली, दोन्ही पेप्टाइडे. म्हणजे अमिनो आम्लांच्या लहानशा माळा, ज्या माळांच्या लांबलचक रूपाला आपण प्रथिन म्हणतो. या माळा फक्त पाच मण्यांच्या होत्या. पहिले चार मणी सारखे: टायरोसिन, ग्लायसिन, ग्लायसिन, फेनिलअलानिन. पाचवा एकीत मेथिओनिन, दुसरीत ल्यूसिन. ‘डोक्यातले’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्यांना एन्केफॅलिन हे नाव दिले गेले. मेंदूतल्या पेशी अशा ज्या माळा निरोपासाठी वापरतात, त्यांना न्यूरोपेप्टाइड म्हणतात.

रचना कळताच लक्षात आले की, हे पाच मणी आधीच कोणीतरी पाहिले होते. सॅन फ्रान्सिस्कोचे चो हाओ ली यांनी १९६० च्या दशकात मेंढ्यांच्या पिट्युटरी ग्रंथीतून बीटा-लिपोट्रोपिन हे ९१ मण्यांचे द्रव्य वेगळे केले होते. चरबीच्या चयापचयाशी त्याचा संबंध असावा, असा त्यांचा समज होता. त्याचे ६१ ते ६५ क्रमांकाचे मणी म्हणजे मेथिओनिनवाले एन्केफॅलिन, हुबेहूब. पुढे ली यांनी इराकहून आलेल्या उंटांच्या ग्रंथी तपासल्या होत्या. त्यांत लिपोट्रोपिन हाती लागण्याऐवजी ६१ ते ९१ एवढाच एकतीस मण्यांचा तुकडा मिळाला होता. तो बाजूला पडून होता. एन्केफॅलिनची बातमी आल्यावर त्याची परीक्षा झाली आणि तो जबरदस्त वेदनाशामक निघाला. तोच बीटा-एंडॉर्फिन. आज सकाळी पळून आलेला कोणीही ‘एंडॉर्फिन सुटले’ असे म्हणतो, तो शब्द म्हणजे ‘आतले मॉर्फीन’ याचे लघुरूप.

१९७८ चा लास्कर पुरस्कार कॉस्टरलिट्झ, ह्यूज आणि स्नायडर या तिघांना मिळाला. पर्ट यांचे नाव त्यात नव्हते. प्रयोगशाळेतले हात ज्यांचे, त्यांना वगळल्याचा निषेध त्यांनी पत्र लिहून जाहीरपणे केला, आणि विज्ञानातल्या स्त्रियांच्या श्रेयाची चर्चा निघाली की तो प्रसंग अजून आठवला जातो. नोबेल मात्र या शोधाला कधीच मिळाले नाही. वादामुळे मिळाले नाही, असे पुष्कळांना वाटते.

*

त्या वर्षांत एक मोठी आशा होती. अफूतला दोष व्यसनाचा. एन्केफॅलिन तर शरीराचेच. मग त्याच्यासारखे औषध केले तर वेदना जाईल आणि व्यसन लागणार नाही. औषध कंपन्या झपाट्याने कामाला लागल्या. १९७६ मध्येच एडी वेई आणि होरेस लो यांनी त्या आशेला पहिली टाचणी लावली. उंदरांच्या मेंदूत ही घरची द्रव्ये सतत सोडत राहिले तर उंदीर त्यांचेही गुलाम होतात आणि नॅलॉक्सोन दिले की त्यांना अफूबाजासारखीच कासाविशी होते. घरची अफूही अफूच होती. पुढे १९९६ मध्ये फ्रान्सच्या ब्रिजिट किफर यांच्या गटाने एकच विशिष्ट कुलूप नसलेले उंदीर तयार केले. त्यांच्यावर मॉर्फीनने वेदनाही शमेना आणि व्यसनही लागेना. दोन्ही गोष्टी एकाच दारातून आत येतात.

औषधाच्या बाजाराला यातून फार काही मिळाले नाही. एका जुन्या वादाला मात्र उत्तर मिळाले, आणि मला ते औषधापेक्षा मोलाचे वाटते.

दुसऱ्या महायुद्धात हेन्री बीचर हे अमेरिकी भूलतज्ज्ञ इटलीतल्या आघाडीवरच्या रुग्णालयांत होते. गंभीर जखमी सैनिकांना ते विचारत की, वेदनाशामक हवे का? फक्त पाव भाग सैनिकांनी हो म्हटले. हाडे मोडलेली, पोट फाटलेले, आणि तरी ‘नको’. युद्धानंतर त्यांनी नागरी रुग्णालयात शस्त्रक्रिया झालेल्यांना तोच प्रश्न विचारला, तेव्हा बहुतेकांना औषध हवे होते, जखमा लहान असूनही. बीचर यांचा निष्कर्ष असा की, जखमेचा आकार आणि वेदनेचा आकार यांचा सरळ हिशेब नसतो. सैनिकाला जखम म्हणजे आघाडीवरून सुटका. नागरिकाला जखम म्हणजे संकटाची सुरुवात.

याच बीचर यांनी पुढे नकली औषधाचा, प्लासिबोचा, अभ्यास केला. साखरेची गोळी किंवा मिठाचे पाणी देऊन, ‘हे वेदनाशामक आहे’ असे सांगितले तर बऱ्याच जणांचे दुखणे खरोखर कमी होते. यावर सर्वसामान्य वैद्यकीय मत कठोर होते: ज्याचे दुखणे मिठाच्या पाण्याने थांबते, त्याचे दुखणे मुळात खोटे. कित्येक रुग्णांवर ढोंगीपणाचा शिक्का याच तर्काने बसला. घरातली एखादी आजी ‘डॉक्टरांनी नुसता हात लावला आणि बरे वाटले’ असे म्हणाली की, लोक हसतात, त्या हसण्यातही हाच तर्क असतो.

१९७८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला जॉन लेव्हिन, न्यूटन गॉर्डन आणि हॉवर्ड फील्ड्स यांनी अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांवर एक प्रयोग केला. सर्वांना नकली औषध दिले. काहींचे दुखणे कमी झाले, काहींचे नाही. नंतर, रुग्णांना न सांगता, नॅलॉक्सोन दिले. ज्यांना आराम पडला होता, त्यांचे दुखणे वाढले. ज्यांना पडला नव्हता, त्यांच्यात फरक झाला नाही. मिठाच्या पाण्याने आलेला आराम अफूच्या उताऱ्याने उतरला. याचा अर्थ तो आराम मनाची समजूत नव्हता; विश्वासाने मेंदूतल्या घरच्या अफूचे कोठार उघडले होते. प्रयोगावर आक्षेप आले, त्यातले काही रास्त होते. नॅलॉक्सोन स्वतःच दुखणे वाढवत असेल, हा त्यातला मुख्य. पण २००५ मध्ये मिशिगनच्या हॉन-कार झुबिएटा यांच्या गटाने जागत्या माणसाच्या मेंदूचे चित्रण करून दाखवले की, नकली औषध घेतल्यावर त्याच कुलपांवर घरच्या किल्ल्या लागलेल्या दिसतात.

*

गोष्ट इथे थांबली असती तर ती सोपी आणि गोड झाली असती. शरीरात अफू आहे, विश्वास ठेवा, दुखणार नाही. बाजारात अशी पुस्तके भरपूर आहेत. खरी गंमत मात्र पुढच्या अध्यायात आहे, आणि सामान्य वाचकापर्यंत तो फारसा पोहोचलेला नाही.

स्निग्ध जेवण झाले की, पित्ताशयाला आकसायला लावणारे एक द्रव्य आतड्यातून सुटते. १९२८ मध्ये ते सापडले, नाव कोलेसिस्टोकायनिन. अर्धे शतक ते पचनाच्या पुस्तकात सुखाने नांदत होते. १९७५ मध्ये, एन्केफॅलिनच्याच वर्षी, बेल्जियमच्या व्हांडरहेगन यांना ते मेंदूत दिसले. मेंदूला पित्ताशयाशी काय देणेघेणे? १९८३ मध्ये फॅरिस, वॉटकिन्स, मेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते उंदरांना दिले आणि पाहिले की, मॉर्फीनची ताकद कमी होते. घरच्या अफूचीही होते. म्हणजे शरीरात अफू आहे तसा अफूचा उताराही आहे, कारखान्यातल्या नॅलॉक्सोनची वाट न पाहता.

पुढच्या वर्षी वॉटकिन्स आणि मेयर यांनी उलट बाजूने पाहिले. पोटाच्या व्रणासाठी वापरले जाणारे प्रोग्लुमाइड हे जुने औषध या उताऱ्याला अडवते. ते दिले की, मॉर्फीन अधिक चालते. इतकेच नव्हे, तर मॉर्फीनची सवय होऊन ज्या उंदरांवर त्याचा परिणाम उरला नव्हता, त्यांच्यावर तो परत आला. औषधाची सवय होते ती शरीर सुस्तावते म्हणून, अशी आपली कल्पना असते. निदान एका बाजूने पाहिले तर शरीर सुस्तावत नाही, ते उलट जोर लावते.

पेकिंगमध्ये हान जिशंग यांना हीच गोष्ट दुसरीकडून दिसली. १९६५ पासून ते ॲक्युपंक्चरमागची शरीरक्रिया शोधत होते. सुई टोचलेल्या सशाच्या मेंदूतला द्रव दुसऱ्या सशाला दिला तर दुसराही वेदनेला कमी दाद देतो, हे त्यांनी फार आधी दाखवले होते. पण काही उंदरांवर सुयांचा काहीच परिणाम होत नसे, आणि त्यांच्यावर मॉर्फीनही कमी चाले. १९९७ मध्ये त्यांच्या गटाने अशा उंदरांच्या मेंदूत कोलेसिस्टोकायनिन तयार होणेच रोखले. दाद न देणारे उंदीर दाद देऊ लागले. त्यांच्यात अफू कमी नव्हती, उतारा जास्त होता. ‘या पेशंटला एवढ्या डोसने काय होतंय!’ किंवा ‘याला काहीच लागू पडत नाही’ असे आपण वॉर्डात ऐकतो, त्यामागे स्वभाव किंवा सोसण्याची ताकद शोधण्याआधी या दोन पेप्टाइडांच्या तोलाची आठवण ठेवायला हवी.

उतारा एकच नाही, हेही पुढे कळले. १९९५ मध्ये फ्रान्समधल्या तुलूझचा आणि स्वित्झर्लंडमधल्या बाझेलचा असे दोन गट एकाच सुमारास सतरा मण्यांच्या एका नव्या पेप्टाइडापर्यंत पोहोचले. अफूच्या कुलपासारखेच दिसणारे, पण अफूला न उघडणारे एक अनाथ कुलूप सापडले होते, त्याची ही किल्ली. उंदराच्या मेंदूत ते टोचले की, उंदीर गरम तव्यावरून लवकर पाय उचलू लागला, म्हणून फ्रेंचांनी त्याला नोसिसेप्टिन, वेदना देणारे, असे नाव दिले. दुसऱ्या गटाने अनाथपणाची आठवण ठेवून ऑर्फनिन म्हटले. वर्षभरातच जेफ्री मोगिल आणि सहकाऱ्यांनी दाखवले की, वेदना देणारे हे नाव घाईचे होते. उंदराला पकडून डोक्यात सुई टोचणे हाच केवढा तरी धसका. त्या धसक्यानेच उंदराची घरची अफू सुटून तो थोडा बधिर झालेला असतो. नवे पेप्टाइड ती बधिरता काढून घेत होते. वेदना वाढल्यासारखी दिसली, प्रत्यक्षात ती मूळ पातळीवर आली होती. मोजणाऱ्याचा हातच मोजमापात मिसळलेला होता.

वेदना थांबवणारी यंत्रणा समजते. ती बंद करणारी कशाला हवी? १९९२ चा विअर्टेलाक, मायर आणि वॉटकिन्स यांचा प्रयोग याचे उत्तर सुचवतो. त्यांनी उंदरांना एक खूण शिकवली: ही खूण दिसली की, झटके संपले, आता धोका नाही. नंतर उंदरांना मॉर्फीन दिले आणि ती खूण दाखवली. मॉर्फीनचा परिणाम ओसरला, आणि त्यामागे कोलेसिस्टोकायनिन होते. समोर शिकारी असताना जखमेकडे लक्ष देणारा प्राणी मरतो. शिकारी गेल्यावरही जखमेकडे लक्ष न देणारा प्राणीसुद्धा मरतो, जरा सावकाश. अपघातात पाय मोडलेला माणूस चार जणांना गाडीतून बाहेर काढतो आणि रुग्णालयात खाटेवर टेकल्यावर मग ओरडू लागतो, त्याचे हे स्पष्टीकरण असू शकेल. बीचर यांच्या सैनिकांशी मात्र हे पुरते जुळत नाही. ते तर सुरक्षित जागी येऊनही शांत होते. उंदरावरून माणसाकडे येताना असा सांधा नेहमीच थोडा निसटतो, आणि तो घासूनपुसून बसवण्याचा मोह टाळलेला बरा.

*

माणसात या उताऱ्याचा माग काढला तो इटलीतल्या तुरिनच्या फाब्रिझिओ बेनेदेत्ती यांनी. १९९५ मध्ये त्यांनी दाखवले की, प्रोग्लुमाइड दिले तर नकली औषधाने पडणारा आराम वाढतो. दोन वर्षांनी त्यांनी शस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णांना निरुपद्रवी पदार्थ देताना सांगितले की, याने दुखणे थोडा वेळ वाढेल. ते वाढले. ज्यांना त्याबरोबर प्रोग्लुमाइड दिले होते, त्यांचे वाढले नाही. ‘आता दुखेल’ या दोन शब्दांचे मेंदूत जे होते, त्यात पित्ताशयाचे ते जुने द्रव्य सामील होते.

मराठीत भीती आणि धास्ती हे दोन शब्द आहेत, आणि इथे ते दोन्ही लागतात. भीती समोरच्या गोष्टीची असते. ती घरची अफू सोडते, आणि वेदना मागे पडते. धास्ती पुढे येणाऱ्या गोष्टीची. ती उतारा सोडते, आणि वेदना वाढते. ऑपरेशनच्या आदल्या रात्री छताकडे बघत पडलेल्या माणसाला असते ती धास्ती.

औषध देताना रुग्णाला कळू द्यायचे की नाही, याने किती फरक पडतो, हेही मोजले गेले आहे. लेव्हिन आणि गॉर्डन यांच्या दातांच्या रुग्णांत, डोळ्यांदेखत शिरेतून दिलेले मिठाचे पाणी हे यंत्राने गुपचूप सोडलेल्या सहा ते आठ मिलिग्रॅम मॉर्फीनच्या तोडीचे ठरले. म्हणजे नर्स खाटेजवळ येऊन ‘तुमचं इंजेक्शन देते हं’ म्हणते, तेही औषधाच्या मात्रेत धरायला हवे.

इतके कळूनही उताऱ्याला अडवणारे औषध मॉर्फीनबरोबर सर्रास दिले जात नाही. उंदरांवर लख्ख दिसणारा फायदा माणसात तितका ठळक आला नाही. न्यूरोपेप्टाइडांच्या बाबतीत हे पूर्वीही झाले आहे. १९३१ मध्ये सापडलेल्या ‘सब्स्टन्स पी’ला वेदनेचा निरोप्या मानून त्याला अडवणारी औषधे मोठ्या खर्चाने तयार झाली. माणसांच्या वेदनेवर ती फोल ठरली. त्यातलेच एक आता किमोथेरपीच्या उलट्या थांबवते आणि त्यासाठी उत्तम आहे.

तेव्हा वेदनेवर आपल्या हाती आजही मुख्यतः मॉर्फीन आहे, आणि आपल्या देशात तेही पुरेसे पोहोचत नाही. भारत हा औषधासाठी कायदेशीर अफू पिकवणारा जगातला प्रमुख देश. मंदसौर, नीमच, चित्तोडगडची शेते आजही सरकारी परवान्याने फुलतात. पण १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानंतर रुग्णालयाला मॉर्फीन ठेवायचे तर परवान्यांच्या एवढ्या खिडक्या झाल्या की, बहुतेकांनी ते ठेवणेच सोडले. पुढच्या बारा वर्षांत देशातला मॉर्फीनचा वैद्यकीय वापर सुमारे ९७ टक्क्यांनी घसरला. १९९७ साली तो १८ किलोवर आला होता, साऱ्या देशासाठी. त्याच काळात, १९८६ मध्ये, मुंबईत वांद्र्याला डॉ. लुईस डिसूझा यांनी शांती अवेदना सदन सुरू केले, बरे होण्याची आशा संपलेल्या कर्करुग्णांसाठी. कायदा सुधारायला २०१४ साल उजाडले. कागदावरची अडचण कमी झाली. मनातली अजून आहे. ‘मॉर्फीन सुरू केलं म्हणजे आता संपलंच ना?’ असे नातेवाईक विचारतात. तो प्रश्न रुग्णाला ऐकू येत असेल, तर गोळी आणि धास्ती त्याच्या पोटात एकदमच जातात. वर सांगितलेल्या प्रयोगांवरून पाहता, ती गोळी पूर्ण ताकदीने चालेल असे मी तरी धरून चालणार नाही.

२०१० मध्ये अमेरिकेत प्रसूतीसाठी आलेल्या स्त्रियांवर एक साधा अभ्यास झाला. पाठीत भूल देण्याआधी जागा बधिर करणारे छोटे इंजेक्शन द्यायचे असते. निम्म्या जणींना सांगितले: आता मोठी मधमाशी चावल्यासारखे होईल, हाच सर्वांत त्रासाचा भाग. उरलेल्यांना सांगितले: आता जागा बधिर करतो, मग तुम्हाला आराम वाटेल. सुई तीच, औषध तेच. दहापैकी वेदनेचे गुण पहिल्या गटात मध्यमान पाच, दुसऱ्यात तीन. कोणाच्या मेंदूत कोणते पेप्टाइड किती सुटले, ते तिथे मोजले नव्हते. आपल्याकडे लस टोचणाऱ्या बाई सुई पुढे करताना मुलाला सांगतात, ‘काही नाही रे, मुंगी चावल्यासारखं वाटेल.’ मुंगीचे नाव ऐकताच पोरगे दंड आवळून धरते.